शेवटपर्यंत टिकून राहणे
(धर्मग्रामाच्या जयंती महोत्सवाच्या सभेत दिलेले व्याख्यान)



जयंतीचा दिवस हा आनंदाचा दिवस होय. आज आपल्या मंदिरावर पताका लागल्या आहेत, मुलांनी गीते म्हटली आहेत, दूरदूरच्या वस्त्यांवरून माणसे आली आहेत. अशा प्रसंगी वक्त्याने गोड बोलावे आणि श्रोत्यांनी गोड ऐकावे, हा लोकाचार आहे. परंतु मला नेमून दिलेला विषय ‘कठीण काळातील श्रद्धा’ असा आहे, आणि तो विषय केवळ गोड शब्दांनी निभावणारा नव्हे. म्हणून आरंभीच आपली अनुज्ञा घेऊन मी थोडे स्पष्ट बोलणार आहे.

प्रथम ‘जयंती’ या शब्दाचाच विचार करू. पवित्र शास्त्रातील लेवीयाच्या पुस्तकात पंचविसाव्या अध्यायात या सणाची मूळ व्यवस्था सांगितली आहे. सात वेळा सात वर्षे मोजावीत आणि पन्नासावे वर्ष पवित्र मानावे. त्या वर्षी शिंग फुंकावे. ज्याची जमीन हातची गेली असेल त्याला ती परत मिळावी. जो कर्जापायी दुसऱ्याचा दास झाला असेल त्याने मोकळे होऊन आपल्या घरी जावे. पाहा बरे! जयंतीचे पहिले आमंत्रण सुखवस्तू माणसाला नाही. ज्याच्या डोक्यावर ओझे आहे त्याला आहे. ज्याचा सातबारा गहाण पडला आहे, ज्याला घरी तोंड दाखवण्याची लाज वाटते, त्याच्यासाठी ते शिंग फुंकले जात असे. तेव्हा आजच्या दिवशी कर्जाचे आणि चिंतेचे नाव काढले म्हणून सणाचा भंग होतो असे कोणी मानू नये. उलट, ते नाव न काढता जयंती साजरी केली तर तीच अपुरी राहील.

आपल्या जिल्ह्याची स्थिती आपणांस मी सांगावी असे नाही. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे आपले सहा तालुके. हे नगर प्राचीन काळी वत्सगुल्म या नावाने वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होते. इंग्रजी अमदानीत बाशिम हा वऱ्हाडातील एक स्वतंत्र जिल्हा होता, तो १९०५ मध्ये मोडला, आणि १९९८ मध्ये अकोल्यापासून विभागून पुन्हा नवा जिल्हा झाला. राज्ये आली आणि गेली, सीमा पुसल्या आणि पुन्हा आखल्या. परंतु कुणब्याचे डोळे आकाशाकडे लागलेले ते तसेच राहिले. मृग कोरडा गेला की दुबार पेरणीचे संकट. सोयाबीन हाताशी आले की परतीच्या पावसाने शेंगेतच कोंब फुटावेत. पीक चांगले साधले तर भाव पडावा. वऱ्हाडाच्या वडीलधाऱ्यांनी १८९९-१९०० चा तो छप्पनचा दुष्काळ कथारूपाने पुढील पिढ्यांच्या हाती दिला. आपल्या पिढीचा दुष्काळ निराळा. त्यात अन्न बाजारात असते, पण ते पिकवणाऱ्याच्या हाती पैसा नसतो. २००६ मध्ये केंद्र सरकारने शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी खास मदत योजना जाहीर केली. त्या सहांत आपल्या वाशिमचे नाव होते. ही गोष्ट विसरून श्रद्धेवर व्याख्यान देणे म्हणजे भुकेल्यापुढे पाकशास्त्र वाचणे होय.

अशा काळात श्रद्धा कशी जाते? ती मोठा आवाज करून जात नाही. आपल्यापैकी कोणी चव्हाट्यावर उभा राहून ‘मी ख्रिस्ताला नाकारतो’ असे म्हणाल्याचे मला ठाऊक नाही. श्रद्धा तेल संपलेल्या दिव्याप्रमाणे जाते. आधी संध्याकाळची जपमाळ एक दिवस राहते, मग आठवडाभर राहते. मग रविवारी शेतात काम निघते. मग मुलगा पुण्याला किंवा नागपूरला कामास जातो आणि तिकडे मिस्साला जातो की नाही, हे विचारण्याचा धीर आईबापांना होत नाही. आणि एके दिवशी घरातील लहान पोर विचारते, ‘बाबा, भिंतीवरचे हे चित्र कोणाचे?’ त्या दिवशी कळते की दिवा केव्हाच विझला होता.

या विझण्याच्या मुळाशी पुष्कळदा एक चुकीची समजूत असते. ती अशी की, भक्ती म्हणजे देवाशी केलेला सौदा. मी मेणबत्ती लावली, नोव्हेना केली, देणगी दिली. आता पाऊस पडला पाहिजे, मुलगा परीक्षेत उतरला पाहिजे. तसे न घडले तर जणू व्यापाऱ्याने माल दिला नाही, म्हणून दुकान बदलावे! बंधूंनो, देवाजवळ मागू नये असे माझे म्हणणे नाही. प्रभूने स्वतः आपल्याला रोजची भाकर मागावयास शिकवले आहे. परंतु मागणे निराळे आणि हिशेब मांडणे निराळे. हबक्कूक संदेष्ट्याचे लहानसे पुस्तक आहे. त्याच्या शेवटी तो म्हणतो की अंजिराला फूल नसो, द्राक्षवेलीला फळ नसो, शेत धान्य न देवो आणि गोठा रिकामा राहो, तरी माझा आनंद माझ्या परमेश्वराच्या ठायी राहील. हे उद्गार ओसाड शेताच्या बांधावरचे आहेत. जो मनुष्य रिकाम्या गोठ्यापुढे उभा राहून देवाला ‘माझा देव’ म्हणतो, त्याच्या श्रद्धेला भाव पडण्याचे भय नाही.

दुसरी एक चूक याच्या उलट आहे. पुष्कळ लोक ‘नशिबी असेल ते होईल’ असे म्हणून हात जोडून बसतात आणि त्यालाच सहनशीलता समजतात. संत याकोबाच्या पत्रात धीराचा धडा देण्यासाठी शेतकऱ्याचाच दाखला घेतला आहे; तो जमिनीच्या मोलाच्या पिकाची वाट पाहतो, आधीच्या आणि नंतरच्या पावसाची वाट पाहतो. पण कोणता शेतकरी नुसती वाट पाहतो? तो वाट पाहता पाहता डवरणी करतो, निंदण करतो, बांध घालतो. ख्रिस्ती धीर असा आहे. जे आपल्या हाती नाही ते देवाच्या हाती सोपवावे, आणि जे आपल्या हाती आहे ते रोज करावे.

आता हा धीर प्रत्यक्ष माणसांनी कसा धरला, हे पाहू. दूरच्या लोकांची नावे घेण्यापूर्वी आपल्याच महाराष्ट्राच्या एका पुत्राचे नाव घेतो. संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म सुमारे १५५७ मध्ये वसई येथे झाला. पिता पोर्तुगीज, माता आपल्या कोकणातील. येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाताखाली त्यांचे शिक्षण झाले आणि कोवळ्या वयातच ते त्यांच्यासोबत जपानास गेले. तेथे त्यांनी भाषा उत्तम आत्मसात केली आणि धर्मशिक्षक म्हणून काही वर्षे काम केले. येशूसंघात प्रवेश मिळावा अशी त्यांची मनापासून इच्छा होती, परंतु ती पूर्ण झाली नाही. ते निघाले आणि व्यापार करू लागले. व्यापार चांगला चालला. पण मन रमेना. शेवटी फिलिपाइन्स बेटांतील मनिला येथे त्यांनी फ्रान्सिस्कन संघात प्रवेश घेतला. ते धर्मगुरू झाले नाहीत. साधे संघबंधू झाले. १५९३ मध्ये संत पेद्रो बाप्तिस्ता यांच्यासोबत दुभाषी म्हणून ते पुन्हा जपानास गेले. १५९६ च्या अखेरीस हिदेयोशी या सत्ताधीशाच्या आज्ञेने त्यांना धरण्यात आले. क्योतो नगरात त्यांच्या व त्यांच्या सोबत्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांची धिंड काढण्यात आली, आणि भर हिवाळ्यात शेकडो मैल चालवून त्यांना नागासाकीला नेण्यात आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी तेथील टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर देण्यात आले. १६२७ मध्ये त्यांना धन्य, आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी संत म्हणून घोषित केले. वसईजवळ गास येथे त्यांच्या नावाचे मंदिर आहे.

या चरित्रातील एक गोष्ट मला विशेष वाटते. ज्या दारावर त्यांनी थाप दिली ते दार उघडले नाही. आपल्यापैकी कितीकांच्या वाट्याला हे येते! नोकरीचे दार बंद, शिक्षणाचे दार बंद, विवाहाचे दार बंद. गोन्सालो रुसले नाहीत, देवावरही नाही आणि ख्रिस्तसभेवरही नाही. वाट बदलली, पण ध्येय बदलले नाही. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. त्या सव्वीस जणांत सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय, आणि तब्बल सतरा प्रापंचिक ख्रिस्ती होते. त्यांतील सर्वांत लहान लुईस अवघा बारा वर्षांचा होता. तेव्हा ‘श्रद्धा टिकवणे हे फादरांचे आणि सिस्टरांचे काम’ असे जो म्हणेल, त्याने नागासाकीच्या त्या टेकडीवरील क्रूस मोजून पाहावेत.

पुढे जे घडले ते याहूनही विचार करावयास लावणारे आहे. १६१४ मध्ये जपानात ख्रिस्ती धर्मावर सर्वत्र बंदी आली. १६४४ मध्ये तेथील अखेरचा धर्मगुरू हुतात्मा झाला. त्यानंतर दोनशे वर्षांहून अधिक काळ त्या देशात मिस्सा नाही, पापनिवेदन नाही, महागुरू नाही, मंदिर नाही. संशयितांना ख्रिस्ताच्या किंवा मातेच्या प्रतिमेवर पाय ठेवावयास लावीत. जो ठेवणार नाही त्याचा छळ होई. सर्वच वीर होते असे नव्हे. पुष्कळांनी पाय ठेवला, आणि घरी येऊन दार लावून पश्चात्तापाची प्रार्थना केली. पापनिवेदन ऐकणारा कोणी नसता खऱ्या अनुतापाने देवाकडे कसे वळावे, हे सांगणारी एक लहान पुस्तिका तेथे १६०३ मध्ये तयार झाली होती. तिच्या नकला हातोहात फिरत राहिल्या.

मग १७ मार्च १८६५ उजाडला. परकीयांसाठी नागासाकीत ओउरा येथे एक नवे मंदिर बांधले होते, आणि ते त्याच सव्वीस हुतात्म्यांना समर्पित होते. म्हणजे आपल्या वसईच्या पुत्राच्याही नावाचे! त्या दिवशी उराकामी गावचे काही शेतकरी मंदिराच्या दाराशी आले. फादर पेतिजां प्रार्थना करीत होते. एका स्त्रीने त्यांच्याजवळ येऊन हळूच सांगितले की आमचे अंतःकरण तुमच्यासारखेच आहे, आणि पवित्र मरियेची मूर्ती कोठे आहे असे विचारले. दोनशे वर्षांचा विझलेला दिवा? नव्हे, राखेखालचा निखारा होता तो.

तो निखारा कसा राहिला? केवळ भावनेने नव्हे, व्यवस्थेने राहिला. त्यांच्या गावांत कामे वाटून दिलेली असत. एक जण दिनदर्शिका सांभाळी. नाताळ केव्हा, उपवासकाळ केव्हा, पुनरुत्थानाचा सण केव्हा, हे तो सांगे. दुसरा बाप्तिस्मा देई. तिसरा घरोघर निरोप पोचवी. प्रार्थना तोंडपाठ करून बापाने मुलाला आणि आजीने नातवाला दिल्या. ते शेतकरी होते, कोळी होते. धर्मपीठाचे पंडित त्यांच्यात कोणी नव्हते. आणि त्यांची परीक्षा १८६५ मध्ये संपली असेही नाही. त्यानंतर उराकामीच्या तीन हजारांहून अधिक ख्रिस्ती लोकांना गावातून उचलून दूरदूरच्या प्रांतांत धाडण्यात आले. सुमारे सहाशे जण तिकडेच मरण पावले. १८७३ मध्ये बंदी उठली, उरलेले परतले, आणि त्यांनी आपले मोठे मंदिर उभारले. ते मंदिर ९ ऑगस्ट १९४५ च्या अणुबॉम्बने जमीनदोस्त झाले. १९५९ मध्ये त्यांनी ते पुन्हा बांधले. याला म्हणतात टिकून राहणे!

आपल्याकडेही असे प्रसंग आले आहेत. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी वसई घेतली. पोर्तुगीज गेले, त्यांच्याबरोबर बहुतेक युरोपीय संन्यासीही गेले. राजाश्रय गेला की या लोकांचा धर्मही जाईल, असे कोणालाही वाटले असते. तसे झाले नाही. मूठभर एतद्देशीय धर्मगुरू राहिले आणि लोक राहिले. मराठी राज्यात मराठी बोलणारे ख्रिस्ती म्हणून ते जगले; श्रद्धेला परक्या सत्तेचा टेकू लागत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. पुढे १९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले, तेव्हा मुंबई आणि पुणे धर्मप्रांतांत काम करणाऱ्या जर्मन येशूसंघीयांपैकी बहुतेकांना इंग्रज सरकारने स्थानबद्ध करून पुढे स्वदेशी पाठवले. अहमदनगरच्या खेड्यांतील नवख्या मंडळ्यांचे मेंढपाळच गेले. परंतु गावोगावचे धर्मशिक्षक मास्तर राहिले, एतद्देशीय धर्मगुरूंनी भार उचलला, आणि १९०३ मध्ये निघालेले ‘निरोप्या’ हे आपले मासिकही त्या वादळातून पार पडले.

आपल्या वऱ्हाडाचे ऋणही येथे स्मरले पाहिजे. फ्रान्समधील आन्सी येथून निघालेल्या संत फ्रान्सिस दि सेल्स संघाच्या धर्मगुरूंनी १८४६ च्या सुमारास या मध्य भारतात पाऊल टाकले. १८८७ मध्ये नागपूर धर्मप्रांत झाला, आणि १९५५ मध्ये त्यातून आपला अमरावती धर्मप्रांत वेगळा झाला. त्यांपैकी किती जण तापाने आणि पटकीने येथेच मातीस मिळाले! त्यांनी पेरले; पीक पाहावयास ते राहिले नाहीत. आज आपण जे कापतो आहोत ते त्यांचे आहे.

आता या सर्वांचे तात्पर्य आपल्या घराशी आणू.

आपण संख्येने थोडे आहोत, विखुरलेले आहोत. कित्येक वस्त्यांवर रोज मिस्सा होत नाही. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली, तेव्हा मंदिरांची दारे सर्वांनाच बंद झाली. त्या महिन्याच्या २७ तारखेस पोप फ्रान्सिस रोमच्या चौकात भर पावसात एकटे उभे राहून जगासाठी प्रार्थना करीत होते, हे दृश्य पुष्कळांनी पाहिले. ज्या घरी रोजची प्रार्थना होती, त्या घरी त्या दिवसांतही मंदिर उघडेच होते. जेथे नव्हती, तेथे सर्वच बंद झाले. म्हणून माझी पहिली विनंती ही की, प्रत्येक वस्तीने उराकामीप्रमाणे कामे वाटून घ्यावीत. एकाने सणवार आणि उपवास सर्वांना कळवावे. दोघांतिघांनी, विशेषेकरून सुइणींनी आणि परिचारिकांनी, मरणोन्मुख बालकाला बाप्तिस्मा कसा द्यावा हे फादरांकडून नीट शिकून घ्यावे. एकाने आजारी कोण, अडचणीत कोण, परगावी गेलेला कोण, याची खबर ठेवून ती धर्मगुरूंना पोचवावी. आणि प्रत्येक घराने, जेवणाआधी का होईना, जपमाळेचे एक दशक एकत्र म्हणावे. मुलगा पुण्यात असेल तर त्याला ती वेळ सांगून ठेवावी. तो तेथे म्हणेल, आपण येथे म्हणू.

दुसरी विनंती बोलताना माझा कंठ दाटतो, पण ती केलीच पाहिजे. आपल्या शिवारात असे एखादे घर असते, ज्याच्या कर्त्या पुरुषाने निराशेच्या भरात आपले जीवन संपवले. त्या घरावर लोकांची नजर निराळी पडते. कोणी कुजबुजतात की त्याला तारण नाही. बंधुभगिनींनो, ख्रिस्तसभेची ही शिकवण नव्हे! जीवन देवाचे आहे, ते आपण घ्यावयाचे नाही, हे ती ठामपणे सांगते. परंतु तीव्र मनोव्यथा, भय आणि यातना यांनी मनुष्याची जबाबदारी कमी होते, हेही ती सांगते. अशा व्यक्तीच्या सार्वकालिक तारणाची आशा सोडू नये, आणि तिच्यासाठी प्रार्थना करावी, असे तिच्या धर्मशिक्षण-ग्रंथात स्पष्ट लिहिले आहे. तेव्हा त्या विधवेच्या दारी जा. तिच्या मुलांना दौत्रीनला घेऊन या. तिच्या पतीच्या नावे मिस्सा सांगा.

आणि ज्याच्या मनात आज असा काळोख आहे, तो कदाचित या मंडपात मागच्या रांगेत बसला असेल. त्याला मी सांगतो: भाऊ, कर्ज हे पाप नाही. नापिकी हे पाप नाही. तुझ्या बायकोमुलांना तुझी गरज तुझ्या सातबाऱ्याहून अधिक आहे. आज घरी जाण्यापूर्वी कोणा एकाशी बोल. फादरांशी बोल, सिस्टरांशी बोल, शेजाऱ्याशी बोल, डॉक्टरांशी बोल. बोलण्यात कमीपणा नाही. गेथसेमनीच्या बागेत प्रभू ख्रिस्ताने स्वतः आपल्या सोबत्यांना सांगितले की माझा जीव फार खिन्न झाला आहे, तुम्ही माझ्याजवळ थांबा. जे देवाच्या पुत्राने मागितले, ते मागण्याची तुला लाज का वाटावी?

आणि जे सोबती आहेत त्यांनी त्या रात्री झोपलेल्या शिष्यांसारखे झोपू नये. जयंतीचा मूळ अर्थ ओझे हलके करणे हा आहे. आपणांस सर्वांचे कर्ज फेडता येणार नाही. परंतु पेरणीला एखाद्याची बैलजोडी अडली तर आपली देता येईल. सोंगणीला हात देता येईल. एका मुलाची शाळेची फी चौघांत वाटून घेता येईल. कागदपत्रांसाठी बँकेत आणि तहसिलीत खेटे घालणाऱ्या अडाणी माणसाबरोबर शिकलेल्या तरुणाला जाता येईल. एवढे झाले तरी या धर्मग्रामात शिंग फुंकले गेले असे मी म्हणेन.

पुढील वर्षे कशी येतील हे आपणांस ठाऊक नाही. पाऊस पडेल किंवा न पडेल. भाव मिळेल किंवा न मिळेल. आपली मुले जवळ राहतील किंवा दूर जातील. परंतु वधस्तंभावर ज्याने शेवटपर्यंत टिकून दाखवले, तो आपल्याला सोडून कोठे जाणार नाही, हे आपणांस पक्के ठाऊक आहे. त्याच्या मातेच्या हाती आपण हे धर्मग्राम, ही शेते, ही लेकरे आणि हे दुःखी जीव सोपवू या. ज्यांनी येथे पहिल्याने बी पेरले त्यांना देव चिरशांती देवो. आणि आपल्या नंतर या बाकांवर जे बसतील, त्यांच्यापर्यंत हा दिवा तेवता पोचवण्याचे बळ तो आपणांस देवो.

आमेन.